आधी तोंड धुऊन या

आमच्या डॉक्टरांकडे तुम्ही पोटदुखी घेऊन या, खोकला घेऊन या, नाहीतर पायात काटा मोडून घेऊन या, त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं. "आधी तोंड धुऊन या." नमस्कार नाही, बसा नाही, काय होतंय नाही. दाराबाहेर नळ, नळाशी लाल साबणाची वडी, खिळ्याला पंचा. पायात काटा मोडलेला माणूस लंगडत लंगडत तोंड धुवायला जाताना मी पाहिलाय, आणि त्यानं डॉक्टरांना हासडलेल्या शिव्याही ऐकल्यात. मी त्याला मुळीच दोष दिला नाही.

त्या दवाखान्यात मी चौदा वर्षं कंपाउंडर होते. माझं माहेर देवळ्याचं, कांद्याच्या घरातलं. लग्न होऊन सातपूरला आले, नवरा कंपनीत पाळ्या करायचा, आणि घरी बसून मला वेड लागायची पाळी आली होती. म्हणून इथं लागले. केस पेपर काढायचे, गोळ्या बांधायच्या, जखमा धुवायच्या आणि डॉक्टरांनी दुखावलेल्या माणसांची समजूत घालायची. हे शेवटचं काम पगारात धरलेलं नव्हतं, पण सगळ्यात जास्त वेळ त्यातच जायचा.

तोंड धुण्यामागं कारण होतं. डॉक्टर नवे नवे असताना एक म्हातारबाबा वर्षभर खोकल्यासाठी त्यांच्याकडे यायचे. मफलर गुंडाळलेला. डॉक्टर छाती तपासायचे, औषध द्यायचे. एके दिवशी मफलर सुटला, तर कानामागं मोठी चरत गेलेली जखम. कातडीचा कॅन्सर. अर्धा कान काढावा लागला. "मी वर्षभर त्या माणसासमोर बसलो, आणि मफलर काढा म्हणालो नाही," असं डॉक्टर कुणालाही सांगायचे. अगदी कुणालाही. सर्दीसाठी आलेल्या सुनेला, औषधकंपनीच्या माणसाला, गॅस सिलेंडर घेऊन आलेल्याला. मी म्हणायचे, "डॉक्टर, आपली चूक अशी गावभर सांगत फिरतात का? माणसं दुसरीकडे जातील." तर म्हणायचे, "जाऊ देत. पण जातील तिथं मफलर काढून बसतील."

कातडी ट्यूबलाइटखाली बघायची नाही, हा दुसरा नेम. "ट्यूबलाइटखाली सगळेच काविळीचे दिसतात." माणसाला खिडकीशी न्यायचं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवायचं, दोन बोटांनी कातडी ताणायची आणि घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून बघायचं. आभाळ भरलेलं असलं की सरळ बाहेर रस्त्यावर. एकदा सातपूरच्या एका फोरमनला त्यांनी बसथांब्याजवळ असं उभं केलं. थांब्यावरचे सगळे बघायला लागले, एकानं तर "काय हो, मोतीबिंदू का?" असंही विचारून घेतलं. बस आली, भरली, निघून गेली, तरी फोरमनसाहेबांची हनुवटी सुटेना. शेवटी निघालं काय, तर साधी चामखीळ. फोरमन पुढचे सहा महिने आमच्या दवाखान्याच्या बाजूनं चालत नव्हता.

ते भिंग डोळ्याला तसंच ठेवून डॉक्टर एकदा भाजी घ्यायला गेले होते. घरी वहिनींनी दार उघडलं आणि किंचाळल्या.

उन्हाचा त्यांना भारी राग. स्कूटरवर ते बांबूची रुंद काठाची टोपी घालून हिंडायचे, गळ्याखाली नाडी बांधलेली. लांबून वाटायचं, कुणी बुजगावणं चोरून नेतंय. लोक हसायचे, डॉक्टर त्यांनाच थांबवून विचारायचे, "तुम्ही शेतात अंगावर सदरा घालता ना? मग तोंडानं तुमचं काय घोडं मारलंय?"

आणि "बरेच दिवस" हा शब्द तर चालायचाच नाही. कुणी म्हटलं, बरेच दिवस झाले जखम आहे, की यांचा आवाज चढायचा. "बरेच म्हणजे किती? संक्रांतीला होती? होळीला होती? पोळ्याला बैल धुताना पाणी लागून झोंबली होती का?" माणूस आठवायला लागायचा आणि खरोखर नेमकं सांगायचा. दोन सण बघितलेली जखम डॉक्टरांना चालायची नाही. खपली धरते, पडते, जरा रक्त येतं, पुन्हा खपली धरते, असं दोन सण चाललं की मलम बंद. मग तुकडा काढून तपासायला पाठवायचा. एवढा साधा नियम, पण त्यातून चौदा वर्षांत चार जणांचे ते कॅन्सर लवकर सापडले. त्या चौघांत एक जण असा होता, की नाकावरची जखम चष्म्यानं झाली म्हणून तीन चष्मे बदलून बसला होता.

लिहायचा मात्र त्यांना विलक्षण कंटाळा. केस पेपरवर ते माणसाचं तोंड काढायचे. एक गोल, दोन डोळे, नाक, आणि जिथं काही असेल तिथं खूण. सगळी तोंडं बटाट्यासारखी. मी एकदा विचारलं, "डॉक्टर, हा कोण?" तर म्हणाले, "तुम्ही." मी दोन दिवस बोलले नाही.

आता कपाळाचं सांगते, कारण ती भानगड माझी.

मी लागले त्याच वर्षी एक सासूबाई नव्या सुनेला तोंडावरच्या पुटकुळ्यांसाठी घेऊन आल्या. डॉक्टर म्हणाले, तोंड धुऊन या. सून नळाशी गेली आणि अर्धवट धुऊन आली. डॉक्टर म्हणाले, "कुंकू पण पुसा, कपाळ दिसू द्या." झालं! सासूबाईंनी दवाखाना डोक्यावर घेतला. "माझा ल्योक धडधाकट हाय अन् हिला कपाळ पुसायला सांगता?" त्या गेल्या, आणि जाताना बाकावरच्या दोन बायकांना घेऊन गेल्या. पुढचे चार दिवस दवाखान्यात बाई म्हणून मी एकटी.

पाचव्या दिवशी मी डॉक्टरांना सुनावलं. "नाक, गाल, कान, मान, सगळं धुवायला लावा. पण सवाष्णीला कपाळ पूस म्हणायचं नाही. मला कुणी म्हटलं तर मीसुद्धा उठून जाईन." त्यांनी मूठभर शेंगदाणे खाल्ले. शेंगदाणे त्यांच्या खिशात कायम असायचे. मग म्हणाले, "बरं. तोंड माझं, कपाळ तुमचं." माझ्या शब्दाला एवढा मान मिळाला म्हणून मी त्या दिवशी घरी शिरा केला होता. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

ठकूआजी गंगापूरकडच्या, माळ्याघरच्या. झेंडू, निशिगंध, थोडी भाजी, असा सगळा मळा. सत्तरीच्या पुढची बाई, पण पहाटे फुलं घेऊन बाजारात हजर. दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी यायच्या आणि डॉक्टरांना अरेतुरे करायच्या. कपाळावर मेणाचा थर देऊन त्यावर कोरडं कुंकू, ठसठशीत. संक्रांतीला हळदीकुंकवाची फुलं विकून आल्या त्या दिवशी म्हणाल्या, "डाक्टर, कुंकवाखाली जरा चावतंय रे." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नाही म्हणजे नाही. डॉक्टरांनी कुंकवाची ॲलर्जी लिहून दिली, कुंकू बदलायला सांगितलं, मलम दिलं. पुढच्या महिन्यात पुन्हा मलम. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. आजी म्हणायच्या, बरं हाय, जरासं चावतं. आम्ही दोघंही समाधानी.

पोळा झाला त्या आठवड्यात दुपारी डॉक्टरांनी मला हाक मारली. टेबलावर आजींचे केस पेपर ओळीनं मांडलेले. आठ बटाटे.

"बाई, कुंकू बघा."

संक्रांतीच्या बटाट्यावर कुंकू चार आण्याएवढं होतं. होळीला आठ आण्याएवढं. पोळ्याला रुपयापेक्षा मोठं आणि उजव्या भुवईकडे झुकलेलं. ते कंटाळून काढलेलं चित्र, पण दिसेल तसंच काढलेलं होतं.

मी म्हटलं, "म्हाताऱ्या बायका लावतात मोठं."

"आठ महिन्यांत? आणि तिरकं?"

मग माझ्या लक्षात आलं. खालची जखम वाढत होती आणि ती झाकायला आजी कुंकू वाढवत होत्या. डॉक्टरांनी मुठीतले शेंगदाणे परत खिशात टाकले. त्यांचे कान लाल झाले होते.

पुढच्या वेळी आजी आल्या त्या नेमक्या पितृपक्षात. मी डोळ्यांनी खुणावत होते, आज नको, आज नको. पण डॉक्टरांना धीर कुठला! "आजी, कुंकू पुसा. मला आत बघायचंय."

आजी उभ्याच राहिल्या. "काय म्हनला? पित्तरं चालू हायत, मालक माजा जिता हाय, अन् मी कपाळ पुसू?" पदर खोचला आणि निघाल्या. रक्तदाबाच्या गोळ्यासुद्धा घेतल्या नाहीत. डॉक्टर टोपी न घालता उन्हात त्यांच्या मागं रस्त्यापर्यंत धावले, यावरून काय ते समजा.

आजी पुन्हा आल्याच नाहीत. डॉक्टर चिडचिडे झाले. मला म्हणाले, "हा कॅन्सर घरजावयासारखा असतो, बाई. जागा सोडून जात नाही, दुसरीकडे पसरत नाही सहसा. पण बसल्या जागी घर खातो. आता भुवई, मग डोळा. आज काढला तर वीतभर सोडा, बोटभर कातडीत भागेल." मला झोप लागेना. तो डोळा गेला तर माझ्यामुळं जाणार, हे मला ठाऊक होतं.

दसऱ्याच्या आधीचा रविवार. डॉक्टर स्कूटर घेऊन माझ्या दारात, डोक्यावर ती टोपी. "चला. कपाळ तुमचं आहे, तुम्हीच पाहिजे." माझा नवरा रात्रपाळी करून आलेला, तो खिडकीतून बघून हसत होता. पाटाच्या कडेनं आम्ही मळ्यात गेलो. सगळीकडे झेंडू पिकला होता आणि घरची झाडून सगळी माणसं तोडायला लागली होती. आजी आम्हाला बघून पाठमोऱ्या झाल्या.

डॉक्टरांनी एक पाटी उचलली आणि झेंडू तोडायला लागले. तासभर! आणि तोडत होते कसे, तर नुसती फुलं चिमटीनं उपटत होते, देठाचा पत्ता नाही. शेवटी आजींनाच राहवलं नाही. "आरं, काय करतोस! बिनदेठाचं फूल ववायचं कसं दोऱ्यात? दसऱ्याचा माल हाय त्यो!"

"मला येत नाही. दाखवा."

दाखवायला आल्या आणि समोरासमोर सापडल्या. आजींचे मालक आबा, बारीक, वाकलेले, कानानं जरा कमी, तेही पाटी घेऊन जवळ आले. डॉक्टर आबांकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "आबा, आठ महिने मी यांना न बघता मलम दिलं. चूक माझी. खाली कॅन्सर आहे असं मला वाटतं. काढला तर पूर्ण बरा होतो."

सगळ्या मळ्यानं ऐकलं. तोडणाऱ्या बायकांचे हात थांबले. आजी मात्र हलल्या नाहीत. "हाय तर हाय. मरन येऊ दे. मालकाच्या आधी, भरल्या कपाळानं जाईन, अहेव जाईन. मला दुसरं काय पायजे?"

"तेच तर नाही ना!" डॉक्टर इतक्या पोटतिडकीनं ओरडले की मीही दचकले. "हा मारतच नाही, आजी. तुम्ही नव्वद वर्षं जगणार. डोळा जाईल, भुवई जाईल, कुंकू लावायला जागा राहणार नाही, आणि तरी तुम्ही ठणठणीत! अहेव मरायचं असेल तर दुसरा काहीतरी आजार शोधा."

एक बाई फिस्सकन हसली. आबांना हसू आलं की नाही कळलं नाही. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, पाटाच्या पाण्यात त्याचं टोक बुडवलं, पिळलं आणि आजींसमोर येऊन उभे राहिले.

"आगं, कुनासाठी लावती तू हे?"

"तुमच्यासाठी."

"मग मीच पुसतो. माझंच हाय, मला काय व्हायचंय?"

आजींनी डोळे मिटले. माझा हात नकळत माझ्या टिकलीवर गेला होता. आबांनी कुंकू पुसलं, मग मेण नखानं हळूहळू सोडवलं, पोराचं नाक पुसावं तसं. खाली मधोमध चरलेली जखम होती, कड उचललेली, आणि डॉक्टरांनी कातडी ताणल्यावर त्या कडेला मोत्यासारखी चकाकी आली. मी पुस्तक वाचलेलं नव्हतं, पण त्या भिंगाशेजारी चौदा वर्षं उभं राहिलेल्या बाईला ती चकाकी ओळखता येते. तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती, तरी मी ओळखली.

"लावा आदी परत," आजी डोळे मिटूनच म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, जखमेवर नको. मग आबांनी घरातून करंडा मागवला आणि बोटानं भांगात, केसांच्या सुरुवातीला, कुंकू लावलं. वाकडं लागलं, थोडं नाकावर सांडलं. डॉक्टरांनी ते भिंगातून तपासलं आणि म्हणाले, "चालेल."

पुढचं सोपं. शहरातले एक सर्जन डॉक्टरांचे वर्गमित्र. त्यांनी आधी जरासा तुकडा काढून तपासायला पाठवला, आठ दिवसांत उत्तर आलं, तेच होतं. दसरा उरकल्यावर ऑपरेशन. फक्त कपाळ बधिर केलेलं, आजी जाग्या आणि बोलत्या. सर्जनना झेंडूचा भाव सांगत होत्या. आमचे डॉक्टर धीर द्यायला म्हणून त्यांचा हात धरून बसले आणि पहिलं रक्त दिसताच पांढरे फटक पडले. दिवसाला तीस जणांना सुया टोचणारा माणूस! चादरीखालून आजींचा आवाज आला, "आरं, त्या डाक्टरला कुनी पानी द्या." काढलेल्या तुकड्याची सगळी कड तपासणीत स्वच्छ निघाली, म्हणजे आत काही उरलं नव्हतं; भुवई वाचली, डोळा वाचला. माझा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर डॉक्टरांनी आबांना कामाला लावलं. गुरुवारी आबा भाजी टाकायला सातपूरला यायचे, ते तासभर आमच्या बाकावर बसायला लागले. तोंड धुवायच्या वेळी एखादी सवाष्ण कपाळाला हात लावून अडली, की डॉक्टर आतून ओरडायचे, "आबा, उभे राहा!" आबा उभे राहायचे. "यांच्या बायकोचं कुंकू पुसलं. यांनीच पुसलं. बघा, काय झालंय यांना?" आबा एक गिरकी घ्यायचे. बायका हसून लोटपोट. आबांना शेंगदाणे मिळायचे. अशी पाच-सहा वर्षं गिरक्या घेतल्या त्यांनी. नव्या शतकात डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हाही आबा हयात होते.

पण मला सांगायचंय ते टाके काढले त्या दिवसाचं. दिवाळी तोंडावर आलेली. डॉक्टरांनी आजींना खिडकीशी बसवलं आणि मी एकेक टाका काढला. आडवी, बोटभर, लाल रेघ राहिली होती. डॉक्टर उगाच भिंग पुसत उभे होते. मग म्हणाले, "आजी, संक्रांतीलाच बघितलं असतं, तर एवढी मोठी रेघ आली नसती. नखाएवढ्यात भागलं असतं. माझं चुकलं."

मी मधेच बोलले. "यांचं नाही, आजी. माझं चुकलं. कपाळ पुसायला सांगू नका म्हणून मीच यांना अडवलं होतं."

आजींनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. दोन लहान पोरं भांडताना बघावं तसं.

"आगं येडे, संक्रांतीला ह्यानं पूस म्हनला आसता ना, तर त्याच दिशी उठून गेले आसते. मग कुठं आले आसते परत? तुमी कपाळ सोडलं, म्हनून मी दर म्हैन्याला आले. म्हनून ह्याला सापडलं."

डॉक्टर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी चिमटा हातात घेऊन तिथंच रडले, चांगली मोठ्यानं. आजी म्हणाल्या, "रडून झालं की आरसा दे," आणि पाडव्याला कुंकू कुठं लावायचं त्याची जागा बघायला लागल्या.